शेवटचं कडवं कापू नका

माझ्या आज्याची गाण्यांची वही माझ्याकडं आहे. माणूस दासगावचा. मुंबईत दिवसा गोदीत ओझी वाहायची, रात्री चाळीत गायन पार्टी. एकानं ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ती उचलायची. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीनं निघाले, हरिहरेश्वरावरून दासगाव बंदराला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. आज्याच्या वहीत तो सगळा रस्ता आहे. प्रत्येक गाण्यावर सिनेमाची चाल लिहिलीय, कवीचं नाव मात्र नाही. ते असतं शेवटच्या कडव्यात. वामनदादा कर्डक ‘वामन’ गुंफायचे तसं. आणि आज स्टेजवर वेळ कमी पडला की आपली पोरं कापतात काय? नेमकं तेच कडवं!

म्हणाल, त्यानं काय बिघडतंय? सोलोमन लिंडाचं काय झालं ते ऐका. झुलू माणूस, मुलूख सोडून जोहान्सबर्गला पोट भरायला आलेला, गॅलो रेकॉर्ड कंपनीत पॅकिंगच्या कामाला. १९३९ साली त्यानं आपल्या ‘ओरिजिनल इव्हनिंग बर्ड्स’ला घेऊन ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, गायलं. मागं झीलकऱ्यांसारखे खर्जातले आवाज, त्यांच्यावर लिंडाचा उंच सूर. ह्या गायकीलाच पुढं ‘म्बुबे’ नाव पडलं. गाण्याचे हक्क गेले दहा शिलिंगांच्या मोलानं. अमेरिकेत ‘द वीव्हर्स’नी ते उचललं, शब्द चुकीचा ऐकून ‘विमोवे’ केलं, कवी म्हणून लावलं एक खोटंच नाव. १९६१ ला ‘द टोकन्स’नी त्यावर नवे इंग्रजी शब्द चढवले, १९९४ ला डिस्नेच्या सिनेमात ते आलं. लिंडा १९६२ लाच गेला होता, कंगाल. पोरींना न्याय मिळायला २००६ उजाडलं, तोही कोर्टात भांडून.

साधनं सगळी त्यांचीच होती. तरी मला खुपतो तो एक शब्द: ‘पारंपरिक’. गाणं पारंपरिक म्हटलं की ते कुणाच्याच बापाचं नाही, मग कुणीही खिशात घालावं. (ह्याच गायकीतल्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोच्या जोसेफ शाबालालाचं नाव १९८६ ला पॉल सायमनसोबतच्या ‘होमलेस’वर बरोबरीनं लागलं. म्हणजे नाव लावता येतं, लावायचं असलं की.)

आज्याच्या वहीतल्या तीन गाण्यांची शेवटची पानं फाटलीत. येत्या २० मार्चला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर ती वही घेऊन बसणार आहे. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन या. कुणाला तरी ती कडवी पाठ असतील.