मुक्काम करायचा तर थंडीत

जुलैतल्या सोमवारी माझ्या दुकानात एक कोंदट वास भरून राहतो, ओल्या कापडाचा आणि चिखलाचा. शनिवार-रविवार डोंगरात काढून आलेली पोरं सोमवारी टेंट घेऊन येतात. गेली २७ वर्षं मी पुण्यात सॅक, टेंट आणि स्लीपिंग बॅगा शिवते, दुरुस्त करते. टेंट कोणत्या हंगामात मार खाऊन आलाय, हे मला तो उलगडायच्या आधीच कळतं. पावसातला टेंट ओलाच गुंडाळलेला असतो. खालच्या कापडावर काळे ठिपके पडलेले, आतला पाणी अडवणारा लेप सुटून बोटांना चिकटणारा, शिवणींवरची पट्टी पोपडे धरून निघालेली, एखादा पोल वाऱ्याने मधोमध मोडलेला. थंडीतल्या टेंटची तक्रार वेगळी असते. शेकोटीची ठिणगी पडून झालेलं मुगाएवढं भोक. ते मी पाच मिनिटांत बुजवून देते. लेप एकदा चिकट झाला की त्याला औषध नाही.

मागच्या महिन्यात असाच एक मुलगा आला. बाविशीचा असेल. टेंट काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, “मावशी, भर पावसात टिकेल असा टेंट कोणता घेऊ?” मी त्याला खरं ते सांगितलं. “पावसात मुक्कामाला जाऊच नकोस. डिसेंबरात जा.” तो हिरमुसला. त्याला वाटलं, मी त्याला घाबरवतेय. गिऱ्हाईक उभं असताना सगळं सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते आहे.

पाऊस मलाही आवडतो. भिजायला, चालायला, कांद्याची भजी खायला पावसाळ्यात डोंगराकडे जरूर जावं आणि अंधार पडायच्या आत घरी यावं. रात्र उघड्यावर काढायची असेल तर मात्र सह्याद्रीत तिचा काळ ठरलेला आहे. त्रिपुरी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत. या साडेतीन महिन्यांत गडावरच्या टाक्यांना पाणी असतं, वाटा कोरड्या असतात, आकाश मोकळं असतं. आणि आपण या काळात घरात बसतो, कारण आपल्याला थंडीची भीती वाटते. ही भीती चुकीच्या जागी आहे, एवढंच माझं म्हणणं.

जुलै १९९९. आम्ही चौघं खिरेश्वरहून तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड चढलो. सकाळपासून संततधार होती. खिंडीच्या वर गेल्यावर देवळापर्यंत टेकड्यांची चढउतार आहे, मधे ओढे आहेत. धुकं इतकं, की पुढच्याची सॅक दिसेना. एका ओढ्याला पाणी चढलं होतं, ते उतरेपर्यंत थांबू म्हणालो आणि तिथेच अंधार झाला. मी स्वतः शिवलेला पहिला टेंट आमच्याबरोबर होता. तो लावला. पाणी वरून आलं नाही, पण खालून आलं. कपडे, पांघरुणं, जवळजवळ सगळं भिजलं. आमच्यातला सर्वांत लहान मुलगा कुडकुडायला लागला. तासाभराने त्याचं कुडकुडणं थांबलं, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. मग त्याला शर्टाचं बटण लावता येईना. बोलताना जीभ जड झाली. कुडकुडणं असं थांबणं हे वाईट लक्षण असतं, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. सुदैवाने कोणाला तरी सुचलं. त्याचे ओले सुती कपडे काढले, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडी राहिलेली एकमेव चादर त्याला गुंडाळली आणि दोघांनी त्याला मधे घेऊन रात्र काढली. पहाटे तो पाणी मागून प्यायला आणि रडला. आम्ही सगळेच रडलो.

त्या रात्री तापमान काय असेल? पावसाळ्यात त्या उंचीवर रात्री साधारण १८ ते २० अंश असतात. घरात या तापमानाला आपण पंखासुद्धा बंद करत नाही. त्याच गडावर नंतर मी जानेवारीत ७ अंशांत कांबळं पांघरून दोन-दोन तास बाहेर बसले आहे, चहा पीत, गप्पा मारत. फरक ओलीचा. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेतं, आणि भिजलेल्या कापडावरून वारा वाहिला की आणखी. पावसाळ्यात घाटमाथ्यावरची हवा इतकी दमट असते, की दोरीवर टाकलेला मोजा तीन दिवस वाळत नाही. थंडीत तोच मोजा सॅकवर बांधून चाललं की दुपारपर्यंत खडखडीत होतो. कोरडी थंडी एका जादा स्वेटरने भागते. ओल्या गारठ्यावर दुकानातली कोणतीही महागडी वस्तू पुरी पडत नाही. मी ती वस्तू विकते, म्हणून खात्रीने सांगते.

जीव जाण्याबद्दल मला फार लिहायचं नाही, पण वगळताही येत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. गडावर जाणारे आम्ही सगळे त्या वाडीतून गेलेलो आहोत, तिथल्या ओट्यावर बसून पाणी प्यायलेलो आहोत. वाडीतल्या माणसांचं घरच तिथे होतं. जुलैतल्या रात्री कड्याखाली झोपायचं की नाही, हे ठरवण्याची मोकळीक आपल्याला आहे. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असताना जी मुलं “तिकडे काही होत नाही” म्हणून निघतात, त्यांचा मला राग येतो आणि त्यांच्यासाठी जीव तुटतोही.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. आपण ज्यांच्या घरी उतरतो, त्यांचा हंगाम. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत एका घरी आम्ही वीसेक वर्षं उतरतो. जुलैत तिथे भाताची आवणी चालू असते. घरातलं झाडून सगळं माणूस खाचरात, गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद. एका जुलैत आम्ही दहा जण न सांगता तिथे थडकलो. घरच्या मावशी खाचरातून उठून आल्या, पाय धुतले आणि चुलीपुढे बसल्या. ओली लाकडं पेटेनात. फुंकून फुंकून त्यांचे डोळे लाल झाले होते. भाकरी थापताना त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखलाने पडलेल्या भेगा मला दिसल्या. त्या दिवशी त्यांची अर्ध्या दिवसाची आवणी बुडाली. आम्ही पैसे दिले, पण आवणीचा दिवस पैशाने भरून येत नाही. पाऊस धरून असतो तेवढ्यातच ती उरकावी लागते.

त्याच घरी डिसेंबरात जा. भात झोडून कणगीत पडलेला असतो. लाकूड सुकं. मावशींना बोलायला वेळ असतो आणि हौसही. हुलग्याची शेंगोळी होते, नागलीची भाकरी होते, नव्या तांदळाचा भात होतो. पोरं टेंट लावायला वर येतात, त्यांना दोन पैसे मिळतात, आणि हे पैसे घरात दुसरं काम कमी असतं अशा वेळी येतात. पावसाळ्यातल्या सहा शनिवारी गावात गाड्या उभ्या करायला जागा नसते आणि पुढचे चार महिने गाव पाहुण्यांची वाट बघतं. ही गर्दी थंडीत पांगली तर गावाचंही बरं होईल आणि डोंगराचंही.

आता थंडीतल्या त्या रात्रीबद्दल. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाला मावळतो आणि सातला उगवतो. तेरा तासांची रात्र. शहरात ती कळत नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापासून सुरक्षित अंतरावर, झुडपांच्या आडोशाला बसलं की पहिला तास नुसता आकाशाचा रंग बदलताना बघण्यात जातो. मग पूर्वेकडून कृत्तिका, रोहिणी, त्यांच्या मागे मृग, त्याच्याही मागून व्याध. मला हे फार उशिरा कळलं, की ज्या मृगाच्या नावाने आपण पावसाची वाट बघतो, ते मृग नक्षत्र जूनमध्ये दिसतच नाही. तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो. ते रात्रभर दिसतं डिसेंबरात. मृग बघायचा तर थंडीतच बाहेर पडलं पाहिजे. डिसेंबरच्या मध्याला, १४ तारखेच्या आसपास, मिथुन राशीतून उल्का पडतात. चंद्र नसेल त्या वर्षी मी मोजायला बसते आणि मोजणं विसरते.

थंडी कुठे जास्त असते, याची माझी एक वही आहे. दोनशे रुपयांचं थर्मामीटर मी कारवीच्या काठीला टांगते आणि पहाटे वाचते. नवीन मुलं टेंट लावायला खोलगट जागा शोधतात, वारा लागू नये म्हणून. पण निरभ्र, शांत रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून ओघळून खोलगटात साचते. अगदी पाण्यासारखी. एकदा मी एकाच पहाटे दोन्हीकडे वाचलं. खोलगटात ६, आणि वीस-पंचवीस मीटर वरच्या उंचवट्यावर ९. खालच्या टेंटवरून दंव निथळत होतं, वरचा जवळजवळ कोरडा होता. तेव्हा जागा निवडायची ती उताराच्या मधली, आडोशाची, शक्यतो झाडाखालची. झाडाखाली दंव कमी पडतं. आणि कितीही गारठा असला तरी टेंटची वरची जाळी थोडी उघडी ठेवायची. माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव-अर्धा लिटर पाणी बाहेर पडतं. सगळं बंद केलं तर तेच पहाटे थेंब होऊन तोंडावर पडतं, आणि लोक माझ्याकडे येऊन सांगतात की टेंट गळतो.

शेकोटीचं मात्र मला पटत नाही. जानेवारीत पठारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी, आणि वणवा. हरिश्चंद्रगडाचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथलं जळण तोडून आपण शेकावं हे बरोबर नाही. शेकायचं तर खाली वाडीच्या अंगणात. जिथे गडावर मुक्कामाला मनाई आहे तिथेही वाडीतच राहावं, पहाटे चढावं. एकतीस डिसेंबरला तर मी गडावर जातच नाही. त्या रात्री वर मोठ्या आवाजात गाणी लागतात आणि सकाळी टाक्यात प्लेटा तरंगतात. ते बघवत नाही.

थंडीची ही भीती आपल्या घरातून येते. “सर्दी होईल,” “छातीत कफ होईल,” म्हणून माकडटोपी घालून पोराला आत ठेवायचं आणि जुलैत त्यालाच धबधब्याखाली उभं करून फोटो काढायचा, असं मी माझ्या नातेवाइकांत पाहिलं आहे. शाळांच्या सहलीही डिसेंबरात निघतात, पण बसमधून, दिवसा, दोन देवळं आणि एक वॉटर पार्क. एक रात्र मुलांना वाडीत झोपवा ना. कृत्तिकांचा झुबका बोटाने दाखवा. पहाटे गवतावरच्या दंवात पाय घालू द्या.

पावसाच्या बाजूने एक सांगायलाच हवं. इंद्रवज्र, म्हणजे ते गोल इंद्रधनुष्य, दिसायला कड्याखाली धुकं आणि पाठीमागून ऊन लागतं. ते थंडीतल्या स्वच्छ सकाळी मिळणार नाही. गेल्या २७ वर्षांत मी ते एकदा पाहिलं, सप्टेंबरच्या शेवटी, सकाळी, कोकणकड्यावर. सोनकीने सगळं पठार पिवळं झालं होतं आणि रंगीत वर्तुळाच्या मधोमध माझीच सावली होती. त्याच्यासाठी मी पुन्हा सप्टेंबरात जाईन. पण आदल्या रात्री खाली गावात, पक्क्या छपराखाली झोपून.

त्या मुलाचा टेंट मी ठेवून घेतला. व्हिनेगरच्या पाण्याने पुसला, गच्चीत सावलीला चार दिवस वाळवला, शिवणींना नवी पट्टी लावली. लेप निम्मा गेलाय. पावसाला तो आता उपयोगाचा नाही, थंडीला पुष्कळ आहे. परवा त्याचा फोन आला. मार्गशीर्षातल्या अमावास्येला पाचनईला जायचं ठरवतोय, बरोबर आई येणार आहे, रात्री तिचे पाय गार पडतात, काय घेऊ? मी सांगितलं, लोकरीचे मोजे दोन जोड घे. एक चालायचा. दुसरा पिशवीत बांधून ठेव आणि फक्त झोपताना काढ.