पाय धड असतील तर खुर्ची कशाला?

मंडळी, मुलांकडे अमेरिकेला निघणाऱ्या आमच्या वयाच्या लोकांबद्दल एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे. कुणाला लागेल कदाचित, पण लिहितेच. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी विमानतळावर व्हीलचेअर मागू नये.

मुंबईहून अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानाच्या दारापाशी बघा, खुर्च्यांची रांग लागलेली असते. त्यात खरोखर अधू किती आणि रोज सकाळी फिरायला जाणारे किती, हे पलीकडे उतरल्यावर कळतं. सामान दिसलं की बरेच जण टुणकन उठतात आणि बॅगा ओढू लागतात. विमानात काम करणारे लोक अशा उड्डाणांना थट्टेने 'चमत्काराची विमानं' म्हणतात.

हे लोक लबाड असतात का? माझ्या मते बहुतेक नसतात. त्यांना धास्ती असते ती भाषेची. सगळा जन्म मराठीत गेलेला. दुबईला नाहीतर दोह्याला विमान बदलायचं, गेट सापडेल का? तिकडचा अधिकारी काय विचारेल, उत्तर सुचेल का? मुलगा तिकीट काढतानाच सांगतो, "आई, व्हीलचेअर टाकून देतो, तो माणूस थेट बाहेर आणून सोडेल." म्हणजे हवा असतो वाटाड्या, आणि मागतो आपण खुर्ची.

पण त्याची किंमत दुसराच कुणी मोजतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ८० वर्षांच्या एका गृहस्थांनी स्वतःसाठी आणि पत्नीसाठी खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या. मिळाली एकच. पत्नीला तीत बसवून ते चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि वाचले नाहीत. त्या विमानात खुर्ची मागणारे ३२ आणि खुर्च्या १५ होत्या, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला, तो योग्यच. त्या ३२ जणांवर मी आळ घेत नाही. पण खुर्च्या मोजक्या असतात, हे ती बातमी वाचल्यापासून विसरता येत नाही.

मग भीतीचं काय? मास्तरीण आहे, तेव्हा उपाय एकच सुचतो, गृहपाठ! एका कागदावर विमानाचे नंबर, मुलाचा पत्ता आणि फोन लिहा. खाली इंग्रजीत एक ओळ, 'मला इंग्रजी कमी येतं, कृपया मदत करा.' गेटचा नंबर वाचता आला की अर्धं काम झालं. अधिकारी बहुधा एवढंच विचारतो: कशाला आलात, किती दिवस, कुठे राहणार, सोबत खायचं काय आहे. बिबडे, कळण्याचं पीठ, मसाला जे असेल ते सांगून टाकावं, लपवलं तर दंड होतो. अडलंच तर दुभाष्या मागता येतो.

विमान कंपन्यांनीही विचार करावा. खुर्चीशिवाय नुसता सोबतीला माणूस देण्याची सोय काही ठिकाणी पैसे भरून मिळते. तीच वयस्कर लोकांना स्वस्तात द्या. दहा जणांमागे एक माणूस पुढे चालला तरी पुरे. शाळेची सहल आम्ही अशीच तर नेत होतो! अर्थात गुडघा, हृदय, दम यांचा खरा त्रास असेल त्यांनी खुर्ची हक्काने घ्यावी, त्यात लाज कसली?

पोचल्यावरही ही खुर्ची सुटत नाही बरं का. लेकीकडे शिकागोला उन्हाळ्यात घड्याळ साडेदहा तास मागे असतं. पहाटे तीनला टक्क जाग, दुपारी पेंग. शरीर रोज साधारण तासाभराने जुळवून घेतं आणि दिवसाच्या उजेडात फिरलं की लवकर जुळतं. पण मुलं म्हणतात, "एकटी बाहेर जाऊ नकोस, शनिवारी गाडीने नेऊ." माया खरी, पण पाच दिवस खिडकीत बसून माणूस अधू होतो.

खरं तर शिकागो आमच्यासारख्यांना सोपं आहे. आमच्या धरणगावात पत्ता म्हणजे अमक्याच्या घरामागे, तमक्याच्या दुकानासमोर. इथे घरांचे आकडे स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांच्या चौकापासून मोजतात. ८०० आकडे म्हणजे एक मैल. तळं कायम पूर्वेला. एवढ्या भांडवलावर मी तिसऱ्या दिवशी वाचनालयापर्यंत जाऊन आले. हो, कागद मात्र दोन करा. १८९३ साली याच शहरात विवेकानंदांचा पत्ता हरवला होता. रात्र रेल्वेच्या आवारात काढून सकाळी ते दारोदार विचारत निघाले होते.

तुमच्या घरातून कुणी निघालं असेल, तर तिकीट काढण्याआधी त्यांना नीट विचारा, गुडघा दुखतोय की भीती वाटतेय? भीती असेल तर खुर्ची नको, चार संध्याकाळी शेजारी बसून त्यांचा गृहपाठ करून घ्या.