वरच्या थरावर भाव लावू नका!

२ मार्च २०२५, रविवार. जामठ्यावर विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. सोमवारी पहाटे कळमन्याच्या मार्केट यार्डात मृगाची संत्री उतरत होती आणि आमच्या चहाच्या टपरीवर भांडण पेटलं होतं. विषय एकच, विदर्भाचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण?

तुम्ही म्हणाल, यात भांडण्यासारखं काय? बरंच आहे. आदल्या दिवशी ज्या मित्राने मला उचलून घेतलं होतं, त्यानेच सगळ्यांसमोर "काऊन बे, तुले क्रिकेटातलं समजते का काही?" असं ऐकवलं. ते भांडण अजून मिटलेलं नाही. मिटूही नये, असं माझं मत आहे. फक्त भांडायचं तर नीट भांडू या.

मुंबईच्या पोरांना हा वाद आजोबांकडूनच मिळतो. मर्चंट, गावसकर, तेंडुलकर, कुणाचं नाव वर ठेवायचं यावर तिथे पिढ्या भांडल्या. आपल्याकडे असा वादच नव्हता. विदर्भाचा संघ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये आणि पहिला करंडक हातात आला १ जानेवारी २०१८ ला. मधली साठ वर्षं आपण दुसऱ्यांच्या खेळाडूंवरून भांडलो. आज आपल्याच माणसांवरून भांडता येतंय, ही कमाई काही लहान नाही.

आता आमच्या टपरीवरचे उमेदवार ऐका.

एकाचं मत होतं रजनीश गुरबानी. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकाचे १२ बळी घेऊन त्याने विदर्भाला ५ धावांनी जिंकवलं. मग इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी फक्त एकाच गोलंदाजाला हे जमलं होतं. दुसरा म्हणाला, हर्ष दुबे. २०२४-२५ च्या एका हंगामात ६९ बळी. रणजीच्या इतिहासात एका हंगामात इतके बळी त्याआधी कुणीच घेतले नव्हते. तिसऱ्याने आदित्य सरवटेचं नाव घेतलं. फेब्रुवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी, आणि त्यात पुजारा दोन्ही डावांत. पहिल्यांदा १ धाव, दुसऱ्यांदा शून्य. चौथा म्हणाला, वसीम जाफर. त्यावर पाचवा उसळला, "जाफर कायचा विदर्भाचा बे? तो तर मुंबईचा!"

खरी गाडी इथेच अडकली. आधी हे ठरवा की आपला कोण?

जन्मावरून ठरवायचं म्हणता? मग सी. के. नायडूंपासून सुरुवात करा. भारताचे पहिले कसोटी कर्णधार, जन्म १८९५ चा, नागपुरातला. पण होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले आणि पुढे होळकर संघाला रणजी जिंकून दिली. विदर्भ रणजीत उतरला तोवर त्यांची रणजी कारकीर्द आटोपली होती. नागपूरचा सर्वांत मोठा क्रिकेटपटू म्हणा, माझी ना नाही. विदर्भाच्या संघाचा मात्र तो नव्हे. गंमत बघा, आपण पहिला करंडक जिंकला तो इंदुरातल्या होळकर स्टेडियमवरच.

आता उलटी बाजू. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीच्या ध्रुव शोरीने १४५ धावा केल्या. गुरबानीच्या हॅट्‌ट्रिकमधला तिसरा बळी तोच. पुढे हाच ध्रुव शोरी विदर्भाकडे आला आणि २०२५ च्या विजेत्या संघात खेळला. आणि सरवटे? तो २०२५ च्या अंतिम सामन्यात जामठ्यावरच होता, पण केरळच्या बाजूने. आपल्याविरुद्ध ७९ धावा करून गेला. ज्या मैदानावर त्याने आपल्याला करंडक मिळवून दिला, तिथेच. मग आता सरवटेचे ते ११ बळी वहीतून खोडायचे का?

मी कळमन्यात वाढलोय. बाबा अडत्याकडे दिवाणजी आहेत. लहानपणापासून बघतोय, यार्डात माल येतो काटोल, नरखेड, वरुडहून. हमालांमध्ये कुणी भंडाऱ्याचा, कुणी बालाघाटचा, कुणी छत्तीसगडचा. ट्रकच्या नंबर प्लेट वाचायला बसलात तर अर्धा देश होतो. इथे कुणी तुमचं गाव विचारून बोरा पाठीवर देत नाही. ज्याने कळमन्यात ओझं उचललं तो कळमन्याचा. उद्या तो गावी परत गेला तरी त्याने उचललेलं ओझं त्याचंच राहतं.

हाच नियम मी क्रिकेटला लावतो. जाफर २०१५-१६ च्या हंगामात आपल्याकडे आला. इंदूरला विजयी फटका त्याचाच होता. त्यानंतरच्या इराणी करंडकात जामठ्यावर २८६ धावा, आणि २०१८-१९ च्या हंगामात १०३७. वय चाळिशीच्या घरातलं. हे ओझं त्याने आपल्यासाठी उचललं, तर तो आपला. करुण नायर कर्नाटकचा, पण २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याच्या ८६ आणि १३५ धावा विदर्भाच्या फलकावर लागल्या, म्हणजे त्या डावांपुरता तोही आपला. सरवटेचे बळीही आपले. तो कुठेही जाऊन खेळो, त्याला शुभेच्छा.

आता दुसरा प्रश्न. मोठेपण मोजायचं कशावर?

संत्र्याची हर्रास कधी पाहिली आहे? नसेल तर एकदा भल्या पहाटे या. ढिगाच्या वरच्या थरात चकचकीत, टपोरं फळ असतं. नवखा खरेदीदार ते बघून बोली लावतो आणि फसतो. जुना खरेदीदार काही बोलत नाही. तो बाही वर करतो, हात ढिगाच्या पोटात घालतो आणि तळाचं फळ काढून बघतो. भाव वरच्या थरावर ठरत नसतो.

आपल्या टपरीवरच्या वादात सगळे वरच्याच थरावर बोली लावतात. हॅट्‌ट्रिक, ६९ बळी, ११ बळी. हे फळ खोटं नाही, अस्सल आहे. त्याशिवाय करंडक आलेच नसते. पण हा एका सामन्याचा किंवा एका हंगामाचा माल आहे. 'आजवरचा सर्वांत मोठा' म्हणायचं असेल, तर हात तळापर्यंत गेला पाहिजे. जेव्हा टीव्हीवर सामना दिसत नव्हता, जिंकायची आशा नव्हती, प्लेट गटात खेळून हंगाम संपायचा, तेव्हा कोण होतं?

तिथे माझ्या हाताला लागतो फैज फजल.

२००३-०४ चा हंगाम. नागपूरचा १८ वर्षांचा डावखुरा सलामीवीर पहिल्याच रणजी सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध १५१ धावा करतो. विदर्भ तेव्हा प्लेट गटात. या संघाची बातमी आपल्याच पेपरात कोपऱ्यात यायची. मधले काही हंगाम तो रेल्वेकडून खेळला, ते मी लपवत नाही. पण तो परत आला. २०१६ मध्ये हरारेला भारताकडून एक एकदिवसीय सामना मिळाला, त्यात नाबाद ५५. त्यानंतर पुन्हा कधीच बोलावणं नाही. एका अर्धशतकावर आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. दुसरा कुणी तिथेच कुढत बसला असता.

याने काय केलं? पुढच्याच वर्षी विदर्भाचं नेतृत्व करत एका हंगामात ९१२ धावा काढल्या, पाच शतकांसह. आणि पहिला करंडक आणला. पुढच्या वर्षी दुसरा. दोन्ही वर्षी इराणी करंडकही. २०१९ च्या इराणी करंडकाची बक्षिसाची रक्कम संघाने पुलवामातल्या शहीद जवानांच्या कुटुंबांना दिली, तेव्हाही कर्णधार तोच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरातच हरियाणाविरुद्ध शेवटचा सामना खेळून तो थांबला, नऊ हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा नावावर ठेवून.

प्लेट गट ते करंडक, हा अख्खा रस्ता बॅट हातात घेऊन चाललेला माणूस तो. म्हणून माझं मत फैज फजलला.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, उमेश यादव. बरोबर आहे, आणि इथे मला जड जातं. वलनीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा, लेदर बॉल हातात आला तोच उशिरा. २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू तो झाला. ५७ कसोटी, १७० बळी. २०१८-१९ च्या उपांत्य सामन्यात वायनाडला केरळचे १२ बळी घेऊन सामना दोन दिवसांत संपवला. 'विदर्भाने देशाला दिलेला सर्वांत मोठा खेळाडू' असा प्रश्न असेल, तर उमेश. विषय संपला. पण आपला प्रश्न 'विदर्भासाठी खेळलेला सर्वांत मोठा' असा आहे. उमेशची उमेदीची वर्षं भारतीय संघाने घेतली, आणि तेच व्हायला हवं होतं. त्यात त्याचा दोष नाही. पण रणजीचं ओझं रोज उचलायला दुसरंच कुणीतरी होतं.

दुसरा आक्षेप, फैजची सरासरी चाळिशीतली, जाफरची कारकीर्दीची सरासरी पन्नासच्या वर. फलंदाज म्हणून मोठा कोण? जाफर. मी कधी नाही म्हटलं? पण जाफर आला तेव्हा त्याच्या मागे मुंबईची अनेक वर्षं होती. फैजच्या मागे काय होतं? तो हरणाऱ्या संघात मोठा झाला आणि त्याच संघाला जिंकायला शिकवलं.

तिसरा आक्षेप, अक्षय वाडकर. हा मला खराच विचारात पाडतो. पहिल्या अंतिम सामन्यात १३३ धावा, तिन्ही विजेत्या संघांत, आणि तिसऱ्या वेळी कर्णधार. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध ५३८ धावांचा पाठलाग करताना त्याने शतक ठोकलं. विदर्भ हरला, पण ३६८ पर्यंत गेला. दहा वर्षांनी हा लेख पुन्हा लिहायची वेळ आली, तर कदाचित मला नाव बदलावं लागेल.

हे सगळं घरी सांगत होतो, तर धाकटी बहीण मधेच म्हणाली, "दादा, तुमच्या यादीत एकही मुलगी कशी नाही?" मी गप्प. ढिगात हात घाला म्हणून सगळ्यांना सांगत फिरणारा मी, माझाच हात अर्ध्यावर थांबला होता. नागपूरची मोना मेश्राम २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या संघात होती. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून टी-२० खेळली. गुरबानीचे आकडे मला झोपेतही सांगता येतात. मोनाने विदर्भासाठी किती धावा केल्या, हे मात्र मी आजवर कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

बाबांनी तर आणखी खाली नेलं. "तुम्ही पोट्टे २०१७ पासूनच मोजता. प्रीतम गंधेची ऑफस्पिन पाहिली का? प्रशांत वैद्य भारताकडून खेळला ते तरी माहीत आहे का?" वैद्य १९९५-९६ मध्ये चार एकदिवसीय सामने खेळला, हे मला माहीत होतं. गंधेंनी तीनशेहून जास्त प्रथम श्रेणी बळी घेतले, हे नव्हतं. त्या काळात तीनशे बळी म्हणजे काय, विचार करा. तेव्हा ना करंडक, ना आयपीएलचा लिलाव, ना टपरीवर भांडणारे आपण.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी कट्ट्यावर हा वाद निघाला की फोन काढून मागच्या हंगामाचे आकडे फेकू नका. आधी घरातल्या, गल्लीतल्या एखाद्या काकांना विचारा की सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर तुम्ही कुणाला बघायला जायचे. मग तुमच्या कॉलेजच्या संघाकडे या. विद्यापीठाच्या स्पर्धेत तुमच्या कॉलेजसाठी सर्वांत मोठं ओझं कुणी उचललं, मुलांत आणि मुलींतही? त्यांची नावं तुम्हाला सांगता येतात का? येत नसतील तर लिहून ठेवायला लागा, म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्यांना तरी भांडता येईल.

माझं मत मी दिलं आहे. पटत नसेल तर पहाटे कळमन्याला या. मात्र येताना तळापर्यंत हात घालून या. माझा तो मित्र अजूनही हर्ष दुबेवर अडून आहे, आणि चहाचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे ठरलं आहे.