दिवाळसणाचे इंजिन

पूर्वी जावई दिवाळसणाला अंगठी मागत. फार तर घड्याळ. अगदीच अडून बसणारा असला तर स्कूटर. आमच्या जावईबापूंनी गेल्या दिवाळीत इंजिन मागितले!

मुलगी-जावई इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतात. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणून आम्ही उभयता चकल्या-कडबोळ्यांचे डबे घेऊन तिकडे पोचलो. दारात रांगोळी होती आणि गॅरेजात एका मोटारीचा सांगाडा. चौकोनी नळ्या जोडून केलेला, आमच्या जुन्या बाजेपेक्षा जेमतेम मोठा.

"बाबा, ही लोटस सेव्हन होणार," जावईबापू म्हणाले.

या लोटस सेव्हनची हकीकत मोठी गमतीची आहे. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ साली काढली. तयार मोटारीवर तेव्हा ब्रिटनमध्ये खरेदीकर असे, सुट्या भागांच्या संचावर नसे. म्हणून कंपनी भाग विकी आणि गिऱ्हाईक घरी बसून गाडी जोडी. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला, ती सोय संपली, आणि त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. पण घरी गाडी जोडायची खोड काही गेली नाही. सेव्हनच्या नकला अजूनही गॅरेजागॅरेजांतून जन्म घेतात. वजन सुमारे पाचशे किलो. प्रश्न एवढाच, की आत इंजिन कोणते बसवायचे?

जावईबापूंचा जीव मोटारसायकलच्या इंजिनावर. हलके, आणि मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेणारे. मुलीचे म्हणणे, काहीही बसवा, पण घरासाठी साठवलेल्या पैशाला हात लावायचा नाही. पंच म्हणून नेमले मला. कारण माझी तीस वर्षे दापोडीला एस. टी.च्या कारखान्यात गेली. आता सासऱ्याने जावयाला, तेही दिवाळसणाला, 'नाही' कसे म्हणावे?

पण मी गप्प बसलो, त्याचे कारण निराळे होते. १९८४ साली मी धाकट्या भावाच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून दिले होते. इंजिन पारखून घेतले. गिअरपेटी आणि मागचा आस मात्र जुनाच ठेवला; म्हटले, चालेल. डिझेलचा जोर खालच्या फेऱ्यांतच फार. खंबाटकीच्या चढावर, भरल्या गाडीनिशी, आसाचा दांडा तुटला. माणसे वाचली, पण त्या जीपवर भावाचा धंदा होता आणि तिच्यात त्याच्या फंडाचे पैसे होते. तो मला एका शब्दाने बोलला नाही. तेच मला आजवर लागून राहिले आहे.

ही गोष्ट मी जावईबापूंना सांगितली. मग म्हणालो, "नुसते इंजिन मागू नका. इंजिनापासून चाकापर्यंतची सगळी साखळी मागा."

आम्ही कागद घेऊन बसलो. मोटारसायकलची गिअरपेटी इंजिनाच्या पोटातच असते. पण तिचा क्लच दोनअडीचशे किलोच्या वाहनासाठी घडवलेला; पाचशे किलोची गाडी आणि वर दोन माणसे चढावर हलवताना तो घासून निघणार. शिवाय बहुतेकींत रिव्हर्स नसतोच! त्यासाठी वेगळी पेटी नाहीतर विजेची मोटर लावावी लागते.

"मला रिव्हर्स हवा," स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली. "कधी माहेरी परतायचे झाले तर?"

दुसरा पर्याय फोर्डच्या जुन्या इंजिनाचा. मूळ सेव्हनमध्येही बहुतेक फोर्डची इंजिने असत. सुरुवातीचे होते ११७२ सीसीचे. अस्सलपणा हवा असेल तर हेच घराणे. पण चांगला नग मिळायला दाम पडतो, आणि पाच गिअरची पेटी दुसऱ्या गाडीची आणून जुळवावी लागते.

तिसरा पर्याय माझदा एमएक्स-५ चा. १९८९ साली आलेली ही दोन आसनी गाडी. इंजिन पुढे उभे, त्याला पाच गिअरची पेटी, तिथून दांडा मागच्या डिफरन्शियलला. सेव्हनची रचना नेमकी हीच. पहिल्या १६०० सीसीच्या इंजिनाची ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती. मूळ गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास. तेच यंत्र निम्म्या वजनाला जुंपले, की वेगळा जोर कशाला हवा? तेलाचे तबक उथळ करावे लागते, दांडा आखूड करावा लागतो. पण क्लच, पेटी, डिफरन्शियल सगळी एकाच घरची, एकमेकांची सवय असलेली. घरी जोडलेल्या गाडीला तिथे सरकारी तपासणी असते, आणि धुराची कसोटी इंजिन किती जुने त्यावर ठरते. म्हणून त्याच्या वयाचे कागदही हवेत.

जावईबापूंनी रात्री पुन्हा हिशेब मांडला. सकाळी अभ्यंगस्नानानंतर स्वतःच म्हणाले, "बाबा, माझदाच."

अंग गंजलेली पण यंत्राने धडधाकट अशी एक एमएक्स-५ मिळाली. तीच अख्खी मी दिवाळसणाला दिली. अंगठीपेक्षा जड पडली, पण मुलीच्या घराच्या पैशाला धक्का लागला नाही.

भाऊबीजेला गावी फोन लावला. धाकट्याला सगळे सांगितले. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग त्याने विचारले, "दादा, गिअरपेटी त्याच इंजिनाची घेतलीस ना?"

"हो रे," मी म्हणालो. "आणि मागचा आससुद्धा."

तो मनापासून हसला. मलाही मग हसू आले.