कागदावरचा दर आणि हातातला दाम

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर उभ्या असलेल्या महापालिका रुग्णालयाचे नाव मराठी माणसाच्या कानाला परके वाटू नये. हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील सरदार, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यावर टेकडीवरची त्याची हवेली हिंदूरावांकडे आली. १८५७ साली याच हवेलीच्या आश्रयाने इंग्रजी फौज शहराला वेढा घालून बसली होती. १९११ साली येथे रुग्णालय सुरू झाले, आणि सरदाराच्या नावाच्या या जागेत आज राजधानीतील श्रमिक आपली दुखणी घेऊन येतात.

या रुग्णालयाने २०२० च्या ऑक्टोबरात जे दृश्य देशाला दाखविले, ते किमान वेतनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोरोनाची साथ ऐन भरात होती, हिंदूराव हे कोरोना रुग्णांसाठी राखून ठेवलेले रुग्णालय होते, आणि तेथील निवासी डॉक्टरांना तीन महिन्यांचा पगार मिळालेला नव्हता. त्यांनी काम थांबविले, तेव्हा दिल्ली सरकारने रुग्ण दुसरीकडे हलविले. पगार मात्र हलला नाही. महिन्याच्या अखेरीस डॉक्टर उपोषणाला बसले तेव्हा कोठे तिजोरीची किल्ली सापडली. तोवर उत्तर दिल्ली महापालिका राज्य सरकारकडे बोट दाखवीत होती, राज्य सरकार महापालिकेकडे. एकीकडे एका पक्षाचे राज्य, दुसरीकडे दुसऱ्याचे. उपाशी राहणाऱ्याला या भेदाचा काय उपयोग! त्याच साथीत याच डॉक्टरांसाठी देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजविण्यात आल्या होत्या.

डॉक्टर हा शिकलेला, संघटित, वर्तमानपत्रांपर्यंत आवाज पोहोचू शकणारा कर्मचारी. त्याची ही गत, तर सार्वजनिक रुग्णालयांत कंत्राटदारामार्फत फरशी पुसणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या आणि रात्रभर फाटकावर उभे राहणाऱ्या माणसाचा पगार कोणाच्या भरवशावर असतो?

दर कागदावर नाही असे नाही. दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान मासिक वेतन एप्रिल २०२५ पासून १८,४५६ रुपये ठरविण्यात आले. देशातील इतर अनेक राज्यांच्या मानाने हा आकडा बरा आहे, आणि तो कोणी दयाबुद्धीने दिलेला नाही. मार्च २०१७ मध्ये हा दर ९,७२४ वरून १३,३५० रुपयांवर नेला गेला, तेव्हा मालकवर्गाच्या संघटना न्यायालयात धावल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश कार्यपद्धतीतील दोषांवरून रद्द ठरविला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दर नव्याने ठरवावे लागले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये १४,८४२ रुपयांचा दर अधिसूचित झाला. अडीच वर्षे एका आकड्यासाठी!

परंतु दर जाहीर होणे आणि दाम हातात पडणे यांच्यामध्ये कंत्राटदार उभा असतो. त्याच्या युक्त्या जुन्या आहेत, केवळ साधने बदलली. पूर्वी अंगठा एका रकमेवर आणि हातात दुसरीच रक्कम, असा प्रकार चाले. आता पगार बँकेत पुरा जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातील हिस्सा रोखीने परत मागितला जातो. कधी तर बँकेचे कार्डच मुकादमाच्या खिशात असते. हिशेबवही स्वच्छ, कामगाराचे घर उपाशी.

याच दिल्लीत १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी मैदाने आणि पूल बांधणाऱ्या मजुरांची कथा याहून वेगळी नव्हती. दिवसाची मजुरी ९ रुपये २५ पैसे होती; जमादार त्यातून एक रुपया कापून घेई. लोकशाही हक्कांसाठी झटणारी संघटना हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायमूर्ती भगवती यांनी जो निर्णय दिला तो प्रत्येक कामगार कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगार होय. पोटाची भूक ही देखील सक्तीच, बेडीइतकीच खरी, असा त्याचा आशय आहे. कामगार स्वखुशीने कमी पगारावर राबतो, या मालकी युक्तिवादाला त्या निर्णयाने थाराच ठेवलेला नाही.

किमान म्हणजे किती, हेही नव्याने शोधण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रममंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांनी माप ठरविले : तीन खाणारी तोंडे, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिव्यासह इतर खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण अशा गरजांसाठी त्यात आणखी २५ टक्क्यांची भर घातली. (गावी राहिलेली म्हातारी आई या तीन तोंडांत कोठेच नाही, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.) हे माप पुढे ठेवून केंद्र सरकारचे वर्तन पाहावे. सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या आरंभी दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली. सरकारने त्याच वर्षी राष्ट्रीय तळदर १७६ वरून १७८ रुपयांवर नेला. वाढ दोन रुपये! रुग्णालयाच्या फाटकावर तेवढ्यात चहाचा पेलाही मिळत नाही.

१९४८ चा कायदा आता राहिलेला नाही; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०१९ च्या वेतनसंहितेने घेतली. सर्व कामगारांना किमान वेतनाचा हक्क आणि दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत, या तिच्यातील तरतुदी स्वागतार्ह आहेत, हे मान्य करण्यास कोणाची हरकत नाही. पण कायद्याचे दात काढून घेतले गेले आहेत. जुन्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला कैदेची तरतूद होती. नव्या संहितेत पहिल्या खेपेस केवळ दंड, तोही फार तर ५० हजार. निरीक्षकाला आता ‘सुलभकर्ता’ असेही बिरुद लावले आहे, आणि खटला भरण्याआधी त्याने मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यायची आहे. शेकडो कामगारांच्या पगारावर हात मारणाऱ्या कंत्राटदाराला ही संधी म्हणजे पुढच्या चोरीची सवड होय.

आणि सर्वांत बोलकी तरतूद पगाराच्या वेळेविषयीची. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत दिले पाहिजे, असे संहिता सांगते. परंतु हे प्रकरण सरकारी आस्थापनांना आपोआप लागू नाही, त्यासाठी स्वतंत्र अधिसूचना हवी. सरकारी आस्थापनांच्या व्याख्येत स्थानिक स्वराज्य संस्थाही येतात. म्हणजे हिंदूरावच्या डॉक्टरांना ज्या नियमाची २०२० साली गरज होती, नेमक्या त्यातूनच त्यांच्या मालकाने स्वतःला मोकळे ठेवले आहे. कारखानदाराला सात तारखेची शिस्त शिकविणारे राज्य स्वतःच्या दारी थकबाकीदार राहण्याची मुभा घेते!

म्हणून दिल्लीतील कामगार संघटनांनी पहिली मागणी हीच करावी, की महापालिकेची सर्व रुग्णालये या प्रकरणाखाली अधिसूचित व्हावीत. कंत्राटदाराने पगार बुडविल्यास तो चुकता करण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते, ही तरतूद संहितेत आहे. ती वापरून कंत्राटी कामगारांचे दावे एकेकट्याने नव्हे तर खात्यागणिक एकत्र दाखल करावेत. आणि तोवर हिंदूरावच्या फाटकावर, बाह्यरुग्ण विभागाच्या वेळांच्या फलकाशेजारी, दर महिन्याच्या आठ तारखेला आणखी एक फलक लागला पाहिजे : कोणाचा पगार झाला, कोणाचा नाही, आणि तो कोणाकडे अडकला आहे.