"सांगितलं का नाही?" पण विचारलं कुणी?

आमच्या वस्तीतल्या एका भावाला त्याच्या आईने किडनी दिली. चार वर्षे तो सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी टॅक्रोलिमसची गोळी घेत होता. मागच्या पावसाळ्यात छातीत धडधड होऊ लागली म्हणून जवळच्या दवाखान्यात गेला. तिथे डिल्टियाझेमची गोळी मिळाली. धडधड थांबली, पण आठ-दहा दिवसांत हात इतके थरथरू लागले की चहाचा कप धरवेना. किडनीच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तर टॅक्रोलिमसचे प्रमाण दुपटीहून जास्त आणि क्रिएटिनिनही वाढलेले. त्यालाच विचारले गेले, "दुसरी गोळी सुरू केली, सांगितलं का नाही?"

माझा प्रश्न असा, की चिठ्ठी लिहिणाऱ्याने आणि गोळी देणाऱ्या मेडिकलवाल्याने त्याला विचारले होते का?

टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही औषधे प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, म्हणून शरीर दुसऱ्याची किडनी स्वीकारते. रक्तातले त्यांचे प्रमाण नेमके असावे लागते. कमी पडले तर शरीर किडनी नाकारते. जास्त झाले तर तीच किडनी बिघडते. आतडी आणि यकृत हे औषध मोडतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल या हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या ते काम मंदावतात. मग गोळी तेवढीच घेतली तरी औषध रक्तात साचते. सायक्लोस्पोरिन चालू असेल तर कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन घ्यायचीच नाही. त्याने स्नायू झिजतात आणि किडनीही निकामी होऊ शकते.

म्हणून घाबरून हृदयाची गोळी मनानेच बंद करू नका. काही डॉक्टर डिल्टियाझेम मुद्दाम देतात, कारण त्यामुळे महागडे टॅक्रोलिमस कमी लागते. पण ते डोस कमी करून, रक्त तपासत देतात. अशी गोळी अचानक सोडली तर टॅक्रोलिमसचे प्रमाण खाली येते आणि किडनी धोक्यात येते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाचा समावेश आहे, ही मोठी सोय आहे. पण ऑपरेशन एकदाच होते, गोळ्या जन्मभर असतात. कार्ड इंग्रजीत आणि सूचना घाईघाईत तोंडी, असे असेल तर चूक रोग्याच्या माथी मारता येणार नाही. कोणत्या गोळ्या सोबत चालत नाहीत, हे मराठीत लिहून मिळणे हा आपला हक्क आहे. तो मागितला पाहिजे.

तोवर एवढे करा. घरातल्या शिकत्या मुलामुलीने एक वही करावी. तीत प्रत्येक गोळीचे नाव, डोस, वेळ आणि प्रत्यारोपण केंद्राचा फोन नंबर लिहावा. दवाखाना असो, मेडिकल असो की विहारातले आरोग्य शिबिर, वही पुढे करून म्हणा, "माझी किडनी बदललेली आहे. ही गोळी यांच्यासोबत चालते का?" नवी गोळी सुरू किंवा बंद करण्याआधी केंद्रात फोन करा. हात थरथरले, डोके सतत दुखले, लघवी कमी झाली किंवा पाय सुजले तर त्याच दिवशी गाठा.

त्या भावाचा डोस बदलला, क्रिएटिनिन खाली आले. आईने दिलेली किडनी वाचली. आता वही त्याच्या खिशात असते.