मधमाशीचा चातुर्मास

दिवाळी झाली की मधमाशीपालनाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागतात. 'थंडी येतेय, पेट्यांना दाट पाक द्या, पेट्या गोणपाटाने गुंडाळा, दार लहान करा' असा त्यांतला सल्ला असतो. सल्ला देणारा काश्मीरचा, हिमाचलचा किंवा थेट युरोपातला असतो, आणि त्याच्या मुलखात तो बरोबरच असतो. पण पनवेल तालुक्यातल्या आपट्यासारख्या गावात, पाताळगंगेच्या काठी कुणी मधपेटी ठेवली असेल, तर हाच सल्ला त्याचे नुकसान करील. आणि तो मध विकत घेणाऱ्याचेही.

थंड प्रदेशात काय होते ते आधी पाहू. तिथे हिवाळ्यात महिनोन् महिने फूल नसते आणि पारा शून्याखाली जातो. माश्या पेटीत एकमेकींना बिलगून गोळा करतात, अंगाचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात आणि साठवलेल्या मधावर दिवस काढतात. युरोपीय जातीच्या, म्हणजे मेलिफेरा माशीच्या एका वसाहतीला त्यासाठी २० किलोंहून अधिक मध लागू शकतो. तेवढा साठा नसेल तर पालक थंडीच्या आधीच दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा दाट पाक देतो. माश्या तो आटवून कप्प्यात भरतात, वर मेणाचे झाकण घालतात. ही हिवाळ्याची बेगमी असते.

कोकणातला हिवाळा तसा नसतो. डिसेंबर-जानेवारीतही दुपारी माशी आरामात उडते आणि रानात, परसात काही ना काही फुललेले असते. आपल्या माशीचा उपासमारीचा काळ जूनमध्ये सुरू होतो आणि दसऱ्याच्या आसपास संपतो. मृगाचा पाऊस लागला की फुलातला मकरंद धुऊन जातो किंवा पातळ होतो, सतत पडणाऱ्या पावसात माशीला बाहेर पडता येत नाही, आणि आधीच्या दोन महिन्यांत जांभूळ-हिरड्याच्या फुलोऱ्यावर साठवलेला मध आपण मे महिन्यात काढून घेतलेला असतो. बाहेर अन्न नाही, घरातली कोठी रिकामी. माणसाचा चातुर्मास स्वेच्छेचा असतो, माशीचा नसतो.

या काळात आपली देशी सातेरी माशी काय करते हे समजून घ्यायला हवे, कारण निम्मे गैरसमज इथेच आहेत. सातेरी म्हणजे झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत साधारण सात समांतर पोळी बांधणारी माशी. पेटीत पाळण्याजोगी देशी माशी म्हणजे हीच. उघड्यावर एकच मोठे पोळे बांधणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. सातेरीची एक वसाहत चांगल्या परिस्थितीत वर्षाला पाच ते दहा किलो मध देते. मेलिफेरा त्याच्या कित्येक पट देते, पण सातेरी इथल्या हवेला आणि इथल्या झाडांना हजारो वर्षे सरावलेली आहे. तिचा एक स्वभाव मात्र पालकाला जड जातो. अन्न संपले, मुंग्यांचा त्रास झाला किंवा मेणपतंगाच्या अळ्यांनी पोळी पोखरली की ती पेटीत मरत बसत नाही, सगळी वसाहत घेऊन निघून जाते. सप्टेंबरात पालक पेटी उघडतो तर आत काळपट पोळी आणि अळ्यांची जाळी. तो म्हणतो, 'आमच्याकडे माशी टिकत नाही.' खरे तर माशी उपाशी होती म्हणून गेली.

त्यावर उपाय महाग नाही. सातेरीच्या एका वसाहतीला पावसाळ्यात आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम साखर पुरते, असे कृषी विस्ताराचे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. सोळा आठवडे धरले तर सव्वातीन किलोच्या आसपास साखर झाली. किराणा दुकानात दीडशे रुपयांच्या आगेमागे. पैशापेक्षा अडचण वेळेची आहे. जून-जुलैमध्ये घरातली सगळी माणसे लावणीच्या चिखलात असतात आणि पेटीकडे बघायला कुणालाच सवड नसते.

पाक देण्याची रीतही साधी आहे. साखर आणि पाणी समभाग घ्यायचे, पाणी उकळून उतरवायचे, त्यात साखर विरघळवायची आणि पूर्ण गार करून द्यायचे. आपल्याला दाट पाक नको, कारण इथे महिन्यांची साठवण करायची नसून रोजचे पोट भरायचे आहे. गूळ किंवा काकवी देऊ नये. त्यातले क्षार व इतर घटक माशीला पचत नाहीत आणि तिला हगवण लागते. पाकात आंबट काही घालून तो उकळत ठेवू नये. तसे केल्याने तयार होणारे एक रसायन माशीला विषारी ठरते. बाजारातला मध तर मुळीच देऊ नये, मधातून माश्यांच्या रोगाचे जंतू एका वसाहतीतून दुसरीत जातात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या होत्या. तेव्हा हा धोका पुस्तकी नाही. पाक संध्याकाळी, पेटीच्या आत, सर्व पेट्यांना एकाच वेळी द्यावा. एकीला दिला आणि दुसरीला नाही, किंवा पाक बाहेर सांडला, की बलवान वसाहत दुबळीवर दरोडा घालते. भांड्यात काटक्या किंवा गवताच्या काड्या टाकाव्यात, नाहीतर माश्या बुडतात. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत.

एवढे करूनही साखर हे अपुरे अन्न आहे. साखरेने उडायला बळ मिळते, अळीचे अंग वाढत नाही. त्यासाठी प्रथिने लागतात आणि ती परागकणांतून येतात. नुसत्या चहा-बिस्किटावर वाढणारे मूल जसे वजनाच्या तक्त्यात खाली घसरते, तशीच केवळ पाकावर ठेवलेली वसाहत. म्हणून परसात मका, काकडी, दोडका, भोपळा असणे माशीच्या दृष्टीने फार मोलाचे. पावसाच्या उघडिपीत तिला पराग मिळतो आणि त्या वेलींना फळ धरायला ती मदत करते. या वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी असतात, कुणीतरी पराग नेल्याशिवाय काकडी धरत नाही. आपल्या ताटातली भाजी आणि माशीचे पोट इतके जवळ आहे. त्या फुलांवर सकाळच्या वेळी कीटकनाशक फवारणे म्हणजे दोन्हींवर घाव.

आता ग्राहकाच्या प्रश्नाकडे येऊ. 'माशीला साखर घालतात, मग तो मध कसला?' असे बाह्यरुग्ण विभागात मला अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर वेळेत आहे. सलाइनचेच पाहा. जुलाबाने गळून गेलेल्या, तोंडाने काही न राहणाऱ्या रुग्णाचा जीव सलाइनने वाचतो. पण चालत येऊन 'अशक्तपणा वाटतो, एक बाटली लावा' म्हणणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. पाकाचेही तेच. जुलैत उपाशी वसाहतीला दिलेला पाक माश्या खाऊन संपवतात, तो तुमच्या बाटलीत येत नाही. ऑक्टोबरनंतर रान फुललेले असताना, वर मधाचा कप्पा चढवलेला असताना दिलेला पाक मात्र माश्या साठवतात, आणि तो काढून 'शुद्ध मध' म्हणून विकला तर ती भेसळच. दिवाळीनंतरचा 'दाट पाक द्या' हा सल्ला कोकणात धोक्याचा आहे तो यामुळे. फुलोरा सुरू होण्याआधी पाक बंद, उरलेला काढून टाकलेला, आणि मगच मधाचा कप्पा. इमानदार मधपाळ ही शिस्त पाळतो.

प्रयोगशाळेला ही भेसळ पकडता येते का? काही प्रमाणात. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे आणि साधी साखर, म्हणजे सुक्रोज, ५ टक्क्यांहून अधिक नसावी. या सुक्रोजच्या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांतला एक आपल्या सह्याद्रीचा आहे. कारवीच्या मधाला १० टक्क्यांपर्यंत सूट आहे, कारण त्या मधाची घडणच तशी. ऊस आणि मका यांच्या साखरेतील कार्बनची ठेवण बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळी असते, त्यामुळे उसाची साखर त्या चाचणीत सापडते. तांदळापासून किंवा बीटापासून केलेला पाक मात्र त्या चाचणीतून निसटतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट' या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासले. जर्मनीतल्या प्रगत चाचणीसह सर्व कसोट्यांवर फक्त तीन उतरले. कंपन्यांनी आरोप नाकारले, पण बाटलीवरच्या 'शुद्ध' या शब्दावरचा भाबडा विश्वास तेव्हापासून डळमळला तो डळमळलाच. घरगुती चाचण्या, पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवणे, या भरवशाच्या नाहीत. थंडीत मध दाणेदार होणे हेही भेसळीचे लक्षण नव्हे, अनेक अस्सल मध गोठतात.

डॉक्टर म्हणून तीन गोष्टी सांगतो. एक, मध अस्सल असला तरी त्यात सुमारे ८० टक्के साखरच असते. मधुमेहींनी 'साखर सोडली, मध घेतो' असे समाधान करून घेऊ नये. दोन, एक वर्षाखालच्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पडू शकतात. उकळूनही ते मरत नाहीत. जन्मताच मध चाटवण्याची रीत घरोघरी आहे. आजीचा मान राखून ती थांबवता येते. तीन, वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी रात्री अर्धा-एक चमचा मध द्यायला हरकत नाही, त्याने आराम पडतो.

या सगळ्याचा सरकारी धोरणाशी संबंध आहे. १६ मे २०२२ रोजी महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. त्यामागे राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि त्याचे महाबळेश्वरचे मध संचालनालय होते. नंतर कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातले पाटगाव त्या वाटेने गेले. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्या व साहित्याला ५० टक्के अनुदान, प्रशिक्षण आणि हमीभावाने मधखरेदी आहे. केंद्राचे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानही आहे. योजना चांगल्या आहेत. पण वाटलेल्या पेट्यांचा आकडा आणि दसऱ्याला माशी असलेल्या पेट्यांचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लसीकरणात आम्ही किती कुप्या उचलल्या हे न सांगता किती मुलांचे डोस पूर्ण झाले हे सांगतो. मधपेट्यांचेही तसेच मोजावे. पावसाळ्यातल्या साखरेची तरतूद, जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा पेट्या पाहून जाणारा प्रशिक्षित माणूस आणि दसऱ्यानंतरची मोजदाद, एवढे योजनेत आले तर त्याच पैशात अधिक वसाहती जगतील. रायगडच्या कातकरी वाड्यांत रानातला मध काढण्याचे पिढ्यांचे ज्ञान आहे. ते काम त्यांना द्यायला काय हरकत आहे?

हवामानाने हे निकडीचे केले आहे. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला, म्हणजे माशीच्या उपासात पंधरवड्याची भर पडली. अशा वर्षी कॅलेंडर पाहून चालत नाही, पेटी मागून उचलून तिचे वजन पाहावे लागते. हलकी लागली की पाक. आणि मे महिन्यातल्या शेवटच्या काढणीत सगळी पोळी न पिळता दोन-तीन चौकटींचा मध तिच्यासाठी ठेवावा. तिचे स्वतःचे अन्न कोणत्याही पाकापेक्षा सरस असते.

मध घेणाऱ्यानेही मधपाळाला दोन प्रश्न विचारावेत: हा मध कोणत्या महिन्यात काढला, आणि पावसाळ्यात माश्यांना काय दिले? 'साखर दिली, पण दसऱ्याआधी बंद केली' असे जो सांगेल, त्याच्याकडून निर्धास्त घ्यावा. 'आम्ही कधीच साखर देत नाही, मध मात्र बारा महिने ताजा मिळेल' असे सांगणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा: श्रावणात तो आणतो कुठून?